आयकार्डामागची गोळी

निघोज्याच्या चतुराबाईंचं हॉस्पिटलातलं काम कागदावर एका ओळीत मावतं: फायली नेणे-आणणे. चाकणजवळच्या त्या दवाखान्यात तळमजल्यावर शुगरचे डॉक्टर, पहिल्यावर हाडांचे, दुसऱ्यावर किडनीच्या डॉक्टर विजयश्री. आणि बाई दिवसभर जिन्यात. पण नुसती फाईल पोचवून गप्प बसतील तर त्या चतुराबाई कसल्या! पेशंटला आधी बाकावर बसवायचं आणि फर्मावायचं, "पिशवी उलटी कर." घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणायची, हा त्यांचा दंडक. बारीक इंग्रजी अक्षरं त्यांना जेमतेम जुळवता येतात, पण एकच गोळी दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही.

यंदा पुण्याहून स्वरूपा आली. एका विभागाची गोष्ट दुसऱ्या विभागापर्यंत कशी पोचते, यावर तिचं संशोधन चालू होतं. भला मोठा कागद, त्यावर विभागांचे चौकोन आणि चौकोनांमध्ये रेघा.

"मावशी, तुमचा विभाग कोणता?" तिनं विचारलं.

"जिना," बाई म्हणाल्या आणि वर निघूनही गेल्या. पोरीनं हसत हसत तेच लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात भीमराज आला. लातूरकडचा, चाळिशीला टेकलेला, पत्रे दाबून सुटे भाग करणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार. शुगर होतीच, आता किडनीचा आकडा, रक्तातलं क्रिएटिनिन, महिन्यागणिक चढत होता. डायलिसिसची तयारी म्हणून येत्या शुक्रवारी त्याच्या हाताच्या शिरेचं ऑपरेशन ठरलं होतं. एकदा ते झालं की त्या हातानं जड उचलायचं नाही. आणि प्रेसवर ज्याला उचलता येत नाही, त्याला कोण ठेवून घेतंय? घरी दोन पोरी शाळेत.

बाईंनी पिशवी उलटी केली. सगळं जागच्या जागी. स्वरूपानं शुगरच्या आणि किडनीच्या डॉक्टरांचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "मावशी, दोघांचंही काम चोख आहे हो."

"चोख हाय, मग आकडा का चढतोय?" बाई करवादल्या. "आकडा काय आपल्या हौसेनं चढतोय व्हय?"

भीमराज पिशवी भरायला वाकला आणि वाकल्या जागी कंबर धरून थांबला. क्षणभरच. पण बाईंनी ते पाहिलं. दवाखान्यात लागण्याआधी अकरा वर्षं त्यांनी कंपनीच्या गेटवर चहाची गाडी चालवली होती. चहाच्या सुट्टीत पोरं गळ्यातलं कार्ड पुढं ओढायची, त्याच्या प्लास्टिकच्या खोळीतून अर्धी स्ट्रिप काढायची आणि चहाच्या घोटाबरोबर अंगदुखीची गोळी गिळायची. एकानं आणायची, सगळ्यांनी खायची. हे बाईंनाही कधी औषध वाटलंच नाही. चहाबरोबर कुणी खारी खातं, कुणी गोळी.

"भीमराज, आयकार्ड दाखव."

तो शिफ्ट संपवून तसाच आला होता. त्यानं कार्ड मुठीत घट्ट धरलं. "मावशी, पाया पडतो. कंबर गेली म्हणून कळालं, तर कंत्राटदार गेटवरूनच माघारी धाडंल."

"तुझ्या कंत्राटदाराशी माझी काय सोयरीक हाय का? त्याच्या कानावर एक शब्द जाणार न्हाई. पण डॉक्टरबाईला कळाया पायजे. रोज किती खातो?"

"दोन. ओव्हरटाइम असला की तीन."

"अरं माझ्या कर्मा! आणि किती वर्षं झाली?"

"तीन होतील."

बाईंनी त्याचा दंड धरला आणि दोन जिने चढवले. स्ट्रिप पाहताच डॉक्टर विजयश्रींनी कपाळाला हात लावला. "अहो, ही रोज खाल्ली तर किडनीचं वाटोळंच होणार. मी विचारलं होतं ना, दुसरं काही औषध घेता का?"

"हे औषध कुठंय, मॅडम? हे कंबरेचं हाय."

डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. एकाच इमारतीत बसणारी ती दोघं वर्षभरात पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. ती गोळी बंद, कंबरेला पट्टा आणि व्यायाम, ऑपरेशन महिनाभर पुढं. "आकडा उतरेलच असं मात्र मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मी सांगते," जिन्यात आल्यावर बाई भीमराजला म्हणाल्या. "उतरंल. न्हाई उतरला तर नाव बदलीन."

बोलून गेल्या खऱ्या. महिन्यानं रिपोर्ट हातात आला तेव्हा मात्र दुसरा मजला गाठेपर्यंत त्यांना दोनदा कठडा धरावा लागला. डॉक्टरांनी कागद उघडला, जुना शेजारी ठेवला. चारवरून आकडा अडीचवर आला होता.

"ऑपरेशन आत्ता नको, मावशी. औषधं चालू राहतील, दर महिन्याला तपासू."

बाई खाली आल्या त्या पायऱ्या न मोजताच. "उतरला रं, भीमराज, उतरला!" अख्खा तळमजला वळून बघायला लागला. भीमराज मटकन बाकावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं आणि स्वरूपाला दटावलं, "तू लिही की गं, बघतीस काय!"

तेवढ्यात भीमराजनं दाराकडं हात केला. कंपनीच्या निळ्या कपड्यांतले तिघं जण तिथं अवघडून उभे होते.

"मावशी, माझ्या लाइनवरचे हायेत. मी माझ्या तोंडानं सांगितलं त्यांना."

"पिशव्या कुठं हायेत?" बाईंनी सवयीनं विचारलं.

तिघांच्याही हातात पिशवी नव्हती. सगळ्यांत पुढचा सरफराज बाकाजवळ आला. त्यानं गळ्यातलं कार्ड काढलं आणि बाईंसमोर उलटं ठेवलं.