पहिली बत्तीस अक्षरं

माझ्या आतेभावाइतका नावांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्याच्यापायी माझ्याइतका हताश झालेला मामेभाऊही. दादा आर्णीत कॉम्प्युटरच्या सी लँग्वेजचा क्लास घेतो. खाली माझं झेरॉक्सचं दुकान. प्रोग्रॅममध्ये आकडा ज्यात साठवायचा त्या व्हेरिएबलला जग a, b, x म्हणतं. दादाला ते सहन होत नसे. "हा x कोन हाय? बेवारस हाय का?" म्हणून तो वही परत फेकायचा. त्याची नावं मराठी, रोमन अक्षरांत, आणि इतकी लांब की माझ्या प्रिंटरच्या कागदाबाहेर जात. नाव सुचलं की अर्धी भाकर टाकून उठायचा. स्वतःच्या मुलीचं बारसं त्यानं तीनदा पुढं ढकललं. शेवटी वहिनीनंच कंटाळून नाव ठेवलं. "दादा, जरा आखूड कर," असं मी किती वेळा विनवलं असेल!

दादाचं हे नावांचं सांगणं क्लासातल्या एकाच मुलीनं मनापासून ऐकलं. रुखसार, गॅरेजवाल्या मेकॅनिकची लेक. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तिनं दोन नावं लिहिली: pahilya_satratil_vidyarthyanche_lekhi_gun आणि pahilya_satratil_vidyarthyanche_tondi_gun. प्रोग्रॅम तपासून चालवणारा तिथला कंपायलर जुनापुराणा. तो नावाची पहिली बत्तीस अक्षरंच वाचायचा, आणि तेवढी दोन्हींत सारखी. 'हे नाव आधीच घेतलंय,' एवढंच तो सांगत राहिला. वेळ संपली. रुखसार नापास झाली, पुढचा प्रवेश हुकला, वर्ष गेलं.

दादानं ती अक्षरं माझ्या काउंटरवर बोट ठेवून मोजली. मग पुन्हा मोजली. दोन दिवस तो जेवला नाही, तिसऱ्या दिवशी मला घेऊन गॅरेजवर गेला. तिच्या वडिलांनी हात पुसत खुर्ची दिली. दादा बसला नाही.

"बेटा, चूक माही हाय. ते अर्धंच नाव वाचते, हे मले मालूमच नव्हतं."

"नाही सर, नावं बराबर होती," रुखसार म्हणाली. "मीच घाबरली."

बाहेर आल्यावर दादा गाडीला टेकून उभा राहिला. "रागावली असती त बरं झालं असतं रे," म्हणाला. तेवढ्यात ती दारात आली.

"सर, उद्या क्लास हाय ना?"

दादानं मान हलवली.