नदीनं रंगवलेली सतरंजी

ओल्या सुताचा वास आला की मला बाळापूरचा तो पूर आठवतो. शेजारी सतरंज्या विणणाऱ्या काकूचा माग गाळात रुतला होता आणि लाल सुताचा रंग पांढऱ्यात उतरला होता. आमच्या कारल्यांचे वेल वाहून गेले होते, म्हणून त्या रिकाम्या मांडवावर आम्ही तिचं सूत वाळत घालत होतो. तेवढ्यात घोड्यावरून आलेले तहसीलचे साहेब म्हणाले, “नदीकाठ सोडा, माळावर राहायला जा.” काकू कडाडली, “माळावर सूत कुठी धुवू? आमी नाई हटत!” पुढच्या पावसाळ्याआधी तिनं मागासाठी चांगला उंच ओटा बांधला. साहेब पाहायला आले, तेव्हा त्याच डागाळल्या सुताची सतरंजी तिनं त्यांच्यापुढं अंथरली. “बसा सायेब. नदीनं रंगवली, म्या इनली.” ती सतरंजी आता माझ्याकडे आहे. पाहुणे आले तरी मी तिच्यावर चादर टाकत नाही.