भिवघाटातून आलेला फाइव्ह-नाइन

आधीच सांगतो, मी सांगलीतल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं असिस्टंट होतो. आत्मा, संकेत असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जायचो. अजूनही जातो. त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. भर टाकत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मला हॅम रेडिओचा छंद होता – म्हणजे सरकारी परवाना काढून, घरातल्या सेटवरून दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलायचं. रोज सकाळी सातला आम्ही चार-पाच जण ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भेटायचो. साताऱ्याचे एक डॉक्टर असायचे, खंडाळ्याचे एक शाळामास्तर असायचे, आणि आटपाडीजवळच्या एका गावातून सुभेदार इंगवले. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी केलेला माणूस. रिटायर होऊन गावी आला, तर गावात टेलिफोन नाही. मग स्वतःच परीक्षा देऊन परवाना काढला. मला ते मास्तर म्हणायचे. मी शिकवत नाही, नुसता असिस्टंट आहे, हे दोनदा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, जुना दमा. अ‍ॅटॅक आला की मिरजेच्या हॉस्पिटलला आणायचं, आणि वाटेत मैलोन्‌मैल फोन नाही. एकदा दोन तास हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरची वाट बघत बसावं लागलं. तेव्हा सुभेदारांनी ठरवलं की जीपमध्ये सेट बसवायचा. वाटेतून मला सांगायचं, मी हॉस्पिटलला फोन करायचा. आपत्कालीन निरोपाला नियमात परवानगी असते.

सेट होता. प्रश्न अँटेनाचा होता.

जीप जुनी, वर ताडपत्रीचा हूड, म्हणजे टपावर बसवायला पत्राच नाही. डिझेल इंजिन असल्यामुळे स्पार्क प्लगची खरखर नव्हती, तेवढं एक बरं. छोटी व्हीएचएफ अँटेना सोपी पडली असती, पण मध्ये डोंगर आला की तिचा आवाज बंद. म्हणून चाळीस मीटर बँडची लांब काठी करायचं ठरलं. खाली लोखंडी नळी, मध्ये तांब्याच्या तारेचं कॉइल, वर स्टीलची लवचिक सळी, सगळी मिळून साडेआठ फूट. कॉइल गुंडाळायला पीव्हीसी पाइप उन्हात वाकला. शेवटी मिरजेत सतारीच्या खुंट्या करणाऱ्या एका कारागिराकडून शिसवीचा रूळ कातून आणला आणि त्याला मेण पाजलं. त्या माणसाने हे कुठल्या वाद्याचं आहे असं विचारलं होतं.

ती बसवायची कुठे यावर आमचं दोन दिवस चाललं. सुभेदारांना ती पुढे, डाव्या मडगार्डवर हवी होती. फौजेतल्या गाड्यांवर तशी बघितलेली. म्हणाले, पुढं असली की शेंडा डोळ्यासमोर ऱ्हातोय, फांदीला लागतोय का कळतं. मी म्हटलं, मडगार्डचा पत्रा पातळ आहे, हादऱ्याने फाटेल. मागचा बंपर भक्कम आहे, चेसिसला अर्थिंगही चांगलं मिळेल. मी फिजिक्सवाला. त्यांनी ऐकलं. मागच्या बंपरला जाड स्प्रिंग लावून काठी उभी केली आणि एरवी नायलॉनच्या दोरीने शेंडा पुढे ओढून बांधायचा ठरवलं. बोलायचं असेल तेव्हाच दोरी सोडायची.

मग टेस्ट घेतल्या. ते थांबत थांबत आटपाडीपासून तासगावपर्यंत आले, मी घरी बसून रिपोर्ट लिहीत होतो. रिपोर्टमध्ये पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा ताकदीचा, नवापैकी. सगळ्यात चांगला मिळाला तो फाइव्ह-फाइव्ह. काठी दिसायला लांब, पण चाळीस मीटर बँडच्या मानाने आखूडच, तिला त्याहून जास्त मिळत नाही. सुभेदार खूश होते.

त्यानंतर साधारण दीड महिन्याने. उन्हाळ्याची सुट्टी, दुपारचे दोन वाजून गेले होते. आम्ही दुपारी कधी सेट लावत नसू. मी त्या दिवशी का लावला, सांगता येणार नाही. पंखा बंद होता, वीज गेली होती, सेट बॅटरीवर चालायचा... काहीतरी चाळा म्हणून लावला असेल. साताऱ्याचे डॉक्टर फ्रिक्वेन्सीवर होते. त्यांच्याशी दोन वाक्यं झाली आणि मध्येच सुभेदारांचा आवाज आला.

"मास्तर, हाईसा का?"

मी म्हटलं, आहे, बोला.

"गाडी खाली गेलीया. भिवघाटाच्या अलीकडं, शेवटच्या वळणाला मोरी हाय बगा, तिच्या डाव्या अंगाला. रस्त्यावरनं दिसायची न्हाई. ही आत हाय. जिती हाय. माणसं धाडा."

आवाज इतका स्वच्छ की शेजारच्या खोलीतून बोलताहेत असं वाटावं. मागे इंजिन नाही, वारा नाही. मी विचारलं, तुम्ही कसे आहात?

"माझं ऱ्हाऊ द्या. हिचा डावा पाय सीटाखाली घावलाय. वढू नगा म्हणावं. आधी सीट सोडवा."

मी लिहून घेतलं. सवयीने रिपोर्टही दिला – फाइव्ह-नाइन. मीटरचा काटा नवावर होता, मी बघत होतो.

"फाइव्ह-नाइन?" ते म्हणाले. "चांगलं हाय की मग."

त्यानंतर काही आलं नाही.

भिवघाटात एक पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचं दुकान, होतं. त्याचा नंबर सुभेदारांनीच माझ्या वहीत लिहून ठेवला होता. शेजारच्यांच्या फोनवरून तिथे लावला, पहिल्याच वेळी लागला. पीसीओवाला चार माणसं आणि एक ट्रॅक्स गाडी घेऊन गेला. मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल, सापडली, डाव्या बाजूला बाभळीत जीप उलटलेली. वहिनी जिवंत होत्या, दम लागलेला, पाय सीटखाली. माणसांनी माझा निरोप ऐकून पाय ओढला नाही, पान्याने सीट उचकटली. मिरजेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ओढला असता तर पाय गेला असता, कदाचित त्याही गेल्या असत्या.

सुभेदार स्टिअरिंगवर होते. डॉक्टर म्हणाले, छातीला मार, जागच्या जागी गेले.

मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभा होतो आणि हे ऐकत होतो. मला काही वाटलं नाही. खरंच सांगतो. चहा आणला कुणीतरी, तो प्यायलो. जागच्या जागी म्हणजे किती वेळात, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वेळ असा नाहीच.

पुढचं टायर फुटलं होतं, पोलिसांनी तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी सुभेदारांच्या भावाबरोबर मी जीपजवळ गेलो. बॅटरी सुटून पंधरा फुटांवर पडलेली, दोन्ही वायरी तुटलेल्या. सेटला करंट मिळायची सोयच नव्हती. आणि बंपरवर नुसती स्प्रिंग. काठी नाही. आम्ही बाभळीत, ओढ्यात सगळीकडे शोधली. मग पीसीओवाल्याने ती दुकानातून आणून दिली. एका मेंढपाळाला सापडली होती – आटपाडीच्या बाजूला तीन किलोमीटर मागे, रस्त्यावर वाकलेल्या चिंचेच्या फांदीत अडकलेली. दोरी सोडलेली होती – वहिनींना घेऊन मिरजेला निघताना मला निरोप द्यायला सोडली असणार. म्हणजे अपघाताच्या आधीच काठी तुटली होती, आणि मागे असल्यामुळे त्यांना ते कळलंही नव्हतं.

मागे बसवायचं मी सांगितलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली, हेही लिहून ठेवतो. पुढचे कित्येक महिने मी वेळेवर जेवत होतो, कॉलेजला जात होतो, प्रॅक्टिकलची मांडणी करत होतो. घरी बायको काही विचारायची, मी उत्तर द्यायचो. हात धुताना बधिर झालेल्या बोटांवर पाणी पडतंय एवढंच कळतं, तसं काहीसं सगळं चाललं होतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांना मी त्याच आठवड्यात विचारलं. त्यांनी सुभेदारांना ऐकलंच नव्हतं. त्यांना फक्त मी ऐकू आलो. म्हणाले, तुम्ही बोलत होता, मध्ये थांबत होता, परत बोलत होता. मला वाटलं माझ्याकडेच काही बिघाड आहे. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात वेळ आहे, मोरी आहे, डावा पाय आहे. मी मनाने रचलं म्हणावं, तर ही माहिती मला कुठून मिळाली?

वहिनी बोलण्याजोग्या झाल्या तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं. त्या पूर्ण वेळ शुद्धीवर होत्या. त्यांचं म्हणणं, गाडी पडली तेव्हा पाय मोकळा होता. त्यांनी नवऱ्याला हलवून पाहिलं, नाकाशी हात धरला. तिथेच समजल्या. मग बऱ्याच वेळाने गाडी आणखी घसरली आणि सीट पायावर आली. कुणी बोललं का, असं मी विचारलं.

"त्यांनी शब्द काढला न्हाई, मास्तर. मी हात धरून हुती."

मी त्यांना वही दाखवली नाही. त्या वेळी नाही.

पायात सळी घातल्यामुळे त्यांना दर सहा महिन्यांनी मिरजेला यावं लागायचं. काम झालं की त्या आमच्याकडे येत, चहा घेत, बायकोशी पिकापाण्याचं बोलत. दोन-तीन वर्षं अशी गेली. एकदा बायको आत असताना मी सगळं सांगितलं. निरोप, पाय, बंपर. मडगार्डवर बसवायचं सुभेदार म्हणत होते, हेही. बंपरबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत. पदराने कपबशीचा थेंब पुसला आणि म्हणाल्या,

"आवाज कसा हुता?"

मी म्हटलं, रोजच्यासारखा.

"कन्हत न्हवते?"

"नाही वहिनी."

त्यांनी पिशवी घेतली, तासगावची गाडी चुकेल म्हणाल्या. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो, खिडकीची जागा मिळाली.

सेटमधल्या, आयनोस्फिअरमधल्या, माझ्या डोक्यातल्या सगळ्या शक्यता मी कागदावर मांडून पाहिल्या आहेत. एकही पूर्ण जुळत नाही. कुणाला जुळवता आली तर जरूर लिहा, मी वाचीन. मला स्वतःला काय वाटतं असं विचारलंत, तर काहीच वाटत नाही. वहिनींनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, एवढं मात्र माहीत आहे.