कुंदाताई ‘काकण’ वाढवणार आहेत

कुंदाताई कासार यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मी एकट्यानेच केले होते. अंबरनाथच्या तंत्रनिकेतनात मी तेव्हा नुकताच इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो होतो. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी आभासी चलनांचे भाव आपोआप आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहीत होतो आणि त्यासाठी ‘काकण’ नावाची, कुणालाही मोफत वापरता येणारी लायब्ररी घेतली होती. ती चालेना. मी मूळचाच उतावळा. तिच्या पानावर जाऊन इंग्रजीतून तक्रार ठोकून दिली; तिच्यातली एक ओळ ताईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात छापण्याजोगी नाही. थोड्याच वेळात मोबाइलवर उत्तर आले. आपण कोणती आवृत्ती वापरता ते कृपया कळवावे, आमच्याकडे वीज गेली आहे, आली की पाहते. वीज आमच्याकडेही गेली होती. शुक्रवारी अंबरनाथला दुसरे काय होणार! तेवढ्यात शेजारच्या संगणक विभागातून तिथे शिकवणाऱ्या बाईंचा आवाज आला, "अहो शिंदे, लाइट कधी येणारे विचारा ना जरा. एक गृहस्थ फार चिडलेत." ते गृहस्थ म्हणजे मी.

त्या दिवसापासून मी ‘काकण’चा आणि ताईंचा झालो. त्यांना केवळ शिक्षिका म्हणून ओळखणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. आभासी चलने ज्या बाजारांत विकली-घेतली जातात, त्या प्रत्येकाची दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलायची तऱ्हा निराळी असते. ‘काकण’ त्या सगळ्यांसाठी एकच तऱ्हा पुरवते. कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, सुधारून पाठवावी. बाजारवाले आपली तऱ्हा न सांगता बदलतात आणि शिव्या ताईंना बसतात. ताई शांतपणे दुरुस्ती करतात आणि पुन्हा शिव्यांची वाट पाहतात. मला हे आजतागायत जमलेले नाही.

नावाचे मूळ उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आहे. तिथे ताईंच्या वडिलांचे बांगड्यांचे दुकान होते. शेजारी कापडाचे दुकान असलेले एक सिंधी काका अजूनही ताईंना बाजारात गाठतात. "बेटा, अंदर की बात बता ना, कौनसा कॉइन लेने का?" ताई म्हणतात, "चाचा, मैं सिर्फ रस्ता बनाती हूँ. कौन किधर जाता है, मेरेको क्या मालूम!" काकांना हे अजिबात पटत नाही. ताईंनी स्वतः असले एकही नाणे कधी घेतलेले नाही. ज्या हाटाचे माप आपण राखतो तिथे आपण गिऱ्हाईक होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

त्यांच्या कामाची रीत एका प्रसंगातून सांगतो. रक्कम पाठवल्यावर बाजाराकडून उत्तर आले नाही, तर ‘काकण’ने आपणहून पुन्हा पाठवावी, अशी सुधारणा एका मोठ्या कंपनीच्या मंडळींनी सुचवली होती. मलाही ती आवडली होती. वाट पाहणे टळते आहे, आणखी काय हवे? ताईंनी ती नाकारली. कंपनीवाल्यांनी तीनतीनदा विचारले, मीही बरीच वकिली केली. ताई म्हणाल्या, "पाटकरसर, उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरून चालू नका. पहिली रक्कम पोचली असेल तर? दुसऱ्यांदा पाठवण्याआधी विचारायचं, की बाबा, पहिलीचं काय झालं?" हे वाक्य नंतर मलाच लागू पडणार होते.

त्यांच्या मायेची साक्ष या ग्रंथाच्या संपादक कविता भोईर देतील, पण त्या लाजतील, म्हणून मीच देतो. कविताचे गाव बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. तिथे फोनला रेंज धरायची तर देवळाच्या ओट्यावर उभे राहावे लागे. तिने ‘काकण’साठी पाठवलेली पहिली सुधारणा ताईंनी परत केली, आणि का परत केली ते इतके सविस्तर लिहिले की ते वाचून कविताने दुसरी पाठवली. मग दर रविवारी ती बदलापूरला ताईंच्या घरी येऊन बसू लागली. दारातूनच ती लॅपटॉप उघडायला लागली की ताई म्हणत, "आधी पान वाढते, मग तुझा कोड." आज कविता मुंबईत मोठ्या पगारावर आहे आणि तिच्या कंपनीचा अर्धा कारभार ‘काकण’वर उभा आहे.

इथपर्यंत लिहून मी उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. कारण खरे लिहायचे ते पुढे आहे आणि ते लिहायला हात धजत नाही.

काही आठवड्यांपूर्वी ताईंनी ‘काकण’च्या आमच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली: ‘साठी झाली की मी काकण वाढवणार आहे.’ बघता बघता टाळ्या, फुले, फुगे! कविताने लिहिले, "वॉव ताई! एकदम भारी! आम्ही सगळे आहोत, बोला काय करायचं." मी मात्र वर्गात खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. माझ्या आईच्या तोंडून बांगडी ‘फुटली’ असे कधी निघाले नाही, बांगडी ‘वाढवली’. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि दुकानदार दुकान बंद करत नाही, ते वाढवतो. अशुभ बोलायचे नाही म्हणून आपल्या भाषेने शेवटालाच वाढ म्हटले आहे. कासाराच्या लेकीने हा शब्द सहज वापरला असेल, हे मला खरे वाटेना.

ताईंच्या हाताखाली तयार झालेली मुले मात्र कामाला लागली. कविताने बदलापूरला सगळ्यांना जमवले. कुठला बाजार कुणी सांभाळायचा, तक्रारींना उत्तर कुणी द्यायचे, एकाचे काम दुसऱ्याने कसे तपासायचे, सारे वाटून टाकले. ताई ग्रुपवर गप्प. त्या गप्प आहेत म्हणजे कबूल आहेत, असे मुलांनी धरले. त्या गप्प आहेत म्हणजे सारे संपले, असे मी धरले. जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, "अहो, येरझाऱ्या कसल्या घालताय? फोन करा ना सरळ." पण उत्तर नको तेच आले तर काय करू? शेवटी ताईंचेच वाक्य आठवले आणि विचारायला गेलो.

ताई बिरडे सोलत बसल्या होत्या. बोटे आखडतात हल्ली, त्यामुळे एकेक वाल सावकाश सुटत होता. मी चप्पल काढता काढताच विचारले, "ताई, वाढवणार म्हणजे नक्की काय?"

"तुम्हाला कळलंय की. चेहऱ्यावर दिसतंय."

"म्हणजे बंद?"

"तो शब्द आमच्या दुकानात कुणी उच्चारत नसे. पण हो, तेच. यापुढे दुरुस्ती नाही, नवी आवृत्ती नाही. जुनी असेल तशी कपाटात." मग हातातला वाल तसाच धरून म्हणाल्या, "कुणाची तरी रक्कम कुठेतरी अडकेल, या धास्तीनं इतकी वर्षं मी एक घास निवांत खाल्ला नाही हो. आता हात साथ देत नाहीत. दुसऱ्याला द्यावं आणि तो चुकला तर? त्यापेक्षा माझ्या हातात आहे तोवर नीट वाढवावं, असं ठरवलं."

"मग मुलांना सांगितलं का नाही?"

"सांगणारच होते. तेवढ्यात कविताची ती वाटणी आली. म्हटलं, आधी यांच्या चुका काढू, मग सांगू. एक सापडली. मी लिहायला बसेपर्यंत त्यांच्यातल्याच दुसऱ्यानं ती धरून दुरुस्तही केली होती." ताई हसायलाच लागल्या. "बरं झालं पाटकरसर, या मुलांचं मराठी कच्चं आहे ते!"

मला हसू येईना. मी विचारले, "मग आता कुठला अर्थ धरायचा?"

त्यांनी हातातला वाल सोलून वाटीत टाकला. म्हणाल्या, "वडील, आमचे दादा, बांगडी भरताना प्रत्येक बाईला सांगायचे, हात सैल सोड. आवळलास तर बांगडी वाढेल, आणि हातही कापेल. जन्मभर ऐकलं आणि स्वतः मात्र मूठ आवळून बसले. सवय अशी सुटत नाही. बघू. साठीच्या समारंभाला या, तिथं सांगते."

एवढ्यावर त्यांनी माझी बोळवण केली, तीही वाटीभर बिरडे बरोबर देऊन. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. कविता फोन करते, "सर, लेख कधी देताय? प्रेसवाला डोक्यावर बसलाय!" तिला मी काही सांगितलेले नाही. हा लेख ती संपादक म्हणून वाचेल तेव्हा तिला प्रथम कळेल, की ताईंची ती ओळ तिला उलटीच समजली होती, आणि तिच्या त्या चुकीवरच आज ‘काकण’ उभे आहे. कविता, ही चूक दुरुस्त करू नकोस, एवढेच सांगणे.

कुंदाताई, समारंभात आपल्या हाती नारळ दिला जाईल. तो आपण आपल्या मराठीत वाढवावा, एका घावात. जेवणाची पाने आम्ही वाढू. ‘काकण’चे काय ते आपण ठरवाल, आणि ठरवताना हात सैल सोडाल, अशी आशा धरून मी पहिल्या रांगेत बसलेला असेन. आपली बोटे मोकळी होवोत, आपला घास निवांत होवो, प्रकृती ठणठणीत राहो. आणि आपले आयुष्य खूप खूप वाढो. हे शेवटचे क्रियापद मी कविताच्या मराठीतले वापरले आहे.