रेकॉर्डिंगमधलं माझंच वाक्य

गावात कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं की मी उठून जायचो. आजही माझा त्यावर विश्वास नाही... पण हे कुठेतरी सांगायला हवं.

मी हिंगोलीकडचा. घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. एम.ए. समाजशास्त्राच्या फील्डवर्कसाठी तंजावूरला गेलो होतो. विषय – तिथल्या मराठी घरांत मराठी आता कोण कुणाशी बोलतं. माझ्या गाईड मॅडमनी बजावलं होतं, प्रश्न विचारला की गप्प बसायचं, आणि नंतर रेकॉर्डिंगमधला शब्द न् शब्द उतरवायचा. स्वतःचासुद्धा.

राजवाड्यामागच्या गल्लीत राव आजोबा एकटेच राहत. आजी वारलेल्या. मुलगा फोनवर तमिळच बोलतो.

"तू मराठी बोलतोस की बातम्या वाचतोस, अप्पा?" माझं बोलणं ऐकून ते हसले. तिकडे लहानांनाही प्रेमानं अप्पाच म्हणतात.

मग मी विचारलं, "आजी गेल्यावर मराठी कुणाशी बोलता?"

ते खाली बघत बसले. मीही गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाले, "कुणाशी नाही."

दुसऱ्या दिवशी लॉजवर रेकॉर्डिंग उतरवताना, त्या शांततेत माझा आवाज आला – "नको आजी, जेवून आलोय."

त्याआधी कुणीच काही विचारलेलं नाही. नुसती पंख्याची घरघर. असं बोलल्याचं मला आठवत नाही. पेंगलो असेन का? पण समोर आजोबा होते, आणि त्यांनीही काही ऐकल्याचं दिसलं नव्हतं. शिवाय मी जेवलो नव्हतोच... परक्या घरी लाजेनं मी असंच सांगतो.

उतरवलेली मुलाखत देणाऱ्याकडून तपासून घ्यायची असते. आजोबांना देवनागरी येत नाही, म्हणून वाचून दाखवायला गेलो. ती ओळ गाळावीशी वाटली. पण वाचली.

आजोबांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "दूधवाल्यालाही विचारायची ती, जेवलास का म्हणून." आणि हळूच – "कसा होता रे आवाज?"

"मला काही ऐकू आलं नाही, आजोबा."

"न ऐकता उत्तर दिलंस?"

मी हातातले कागद मिटले.

"मी रोज इथेच बसतो. मला एक शब्द नाही. आणि तुला, कालच्या पोराला..." ते हसायला गेले, जमलं नाही. "लाव ते."

मी लावलं. त्यांनी फोन कानाशी धरला. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा. शेवटच्या वेळी माझं वाक्य यायच्या आधीच, त्या शांततेत ते म्हणाले,

"मी नाही जेवलो गं अजून."

मॅडमना ती ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, अर्थ लागत नसेल तर तशीच ठेव. प्रबंधात ती तशीच आहे. अर्थ मला अजून लागलेला नाही.

रेकॉर्डिंग आजोबांच्या फोनवर टाकून आलो. पान वाढून घेतलं की आधी ते लावतात म्हणे... मग जेवतात.