बारा बिनडोकी आणि एक घोडा

जगात कुठलीही वस्तू तिच्या मूळ कामासाठी वापरायची नाही, असा पण केलेला एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा मेहुणा निघाला. हिचा थोरला भाऊ. त्यांच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये दात कोरायच्या काड्या दात कोरायला मिळत नाहीत, कारण ते भाले असतात. घड्याळ बंद पडलं तर कुणी हळहळत नाही, कारण त्यातून तोफगाड्याची चाकं निघतात. मेंदी हाताला लागत नाही, तिचं शेवाळं होतं. चहाचा चोथा वाळवून, चाळून डब्यात भरलेला असतो आणि डब्यावर 'शेत, नांगरलेलं' अशी चिठ्ठी असते. एका एकादशीला वहिनी राजगिरा शोधत होत्या. सगळे डबे पालथे घालून झाल्यावर आतल्या खोलीतून शांत आवाज आला, "राजगिरा शोधू नकोस. त्याचे दगड झालेत." वहिनींनी त्या दिवशी वऱ्याचे तांदूळ केले, आणि तेही लगेच शिजायला टाकले, कारण त्यांची वाळू व्हायला वेळ लागला नसता.

ह्या सगळ्याच्या मुळाशी सव्वा इंच उंचीचे शिपाई आहेत. मेहुणे भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथले बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा "मी उंदीर धरून रेघ ओढणार नाही" असं साहेबांना सांगून त्यांनी व्हीआरएस घेतली. निरोपाच्या दिवशी विलायतेत ट्रेनिंग घेऊन आलेल्या एका सहकाऱ्यानं त्यांना प्लॅस्टिकच्या शिपायांचा एक खोका दिला. तिकडे म्हणे चांगली मोठी माणसं हे शिपाई सुटे भाग जोडून तयार करतात, रंगवतात आणि मग टेबलावर दोन सैन्यं मांडून लढाई खेळतात. चाल फुटपट्टीनं मोजायची आणि वार लागला की नाही ते फासा टाकून ठरवायचं; चार किंवा जास्त पडले तर लागला, कमी पडले तर वाचला. मला वाटलं, आठवडाभर खेळतील आणि खोका माळ्यावर जाईल. खोका गेला माळ्यावर. शिपाई मात्र बाहेर राहिले आणि वाढत गेले.

ते शिपाई होते उंच टोप्यांचे, युरोपातले. मेहुण्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची मुंडकी उडवली. नळ गळायला लागला की प्लंबर जी पुट्टी लावतो, ती मळून त्यांनी नवी डोकी वळली, त्यांवर मसुराएवढ्या पगड्या बांधल्या, कोटांचे अंगरखे केले आणि एका फ्रेंच सेनापतीला मिशी लावून त्याचा पाटील केला. एका पगडीला एक संध्याकाळ जाई. "पगडी घालायची नसते, बांधायची असते," असं ते मला ऐकवायचे आणि सुईच्या टोकानं तिला पीळ द्यायचे. मी बँकेतला माणूस, मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा. मी तसं म्हणूनही दाखवायचो. त्यावर ते म्हणत, "बरोबर आहे आपलं. आपण वेळ वाचवून काय करता?"

पण त्यांचा खरा जीव पगडीत नाही, पायाखाली. शिपायाला उभं राहायला खाली एक चकती लागते, तिला ते 'बैठक' म्हणतात. लाकडी चकत्या कसब्यातला एक म्हातारा कातारी कातून देतो. शिपायाच्या पायाला बारीक भोक पाडायचं, त्यात तार घालायची आणि ती तार बैठकीत रोवून चिकटवायची, म्हणजे माणूस हलत नाही. उभ्या माणसाच्या पायाखालच्या वस्तूला बैठक कसं काय म्हणता, असं मी एकदा विचारलं. "गवयाची बैठक पक्की असते, तशी. बसण्याशी संबंध नाही," ते म्हणाले. चकतीवर माती लावायची, आणि तीही जो जिथं लढणार तिथलीच. आम्ही एकत्र महाबळेश्वरला गेलो तेव्हा सगळ्यांनी स्ट्रॉबेरी आणल्या. ह्यांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्यांतून पसरणीच्या घाटाचे तीन नमुने आणले. पाहुणा आला की ते आधी त्याच्या चपलांकडे बघतात. सोसायटीनं एका दिवाळीत त्यांना किल्ल्यांच्या स्पर्धेला परीक्षक नेमलं, तर त्यांनी झाडून सगळ्या किल्ल्यांना शून्य मार्क दिले. "किल्ला तांबड्या मातीचा आणि मावळ्याच्या पायाला काळी माती. हा माणूस तिथं गेलेलाच नाही," हे त्यांचं कारण. पुढच्या वर्षीपासून सोसायटी पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना बोलावते.

दोन्ही सैन्यं त्यांनीच केली, कारण पुण्यात तेव्हा दुसरं सैन्य बाळगणारा माणूस त्यांना माहीत नव्हता. एक सैन्य त्यांचं आणि एक लेकीचं. लेक आठ-नऊ वर्षांची असल्यापासून दर रविवारी सकाळी टेबलाच्या त्या बाजूला बसायची. ती खेळायची कडक. "बाबा, तुमचा हा मेला, उचला," असं ती म्हणाली की मेहुण्यांचा चेहरा पाहवत नसे. महिनाभर खपून केलेला माणूस एका फाशात मेला म्हणून खोक्यात टाकायचा, हे त्यांना जमायचंच नाही. "मेला नाही, जरा लागलंय," असं म्हणून ते त्याला तंबूत नेत आणि तीन चालींनी परत आणत. त्यामुळे त्यांच्या घरातल्या एकाही लढाईचा निकाल कधी लागला नाही. लेक चिडायची, पण पुढच्या रविवारी परत येऊन बसायची. पुढे ती इंजिनीअर झाली, खराडीच्या एका कंपनीत लागली, कंपनीची बस सकाळी नेऊन संध्याकाळी दमलेली आणून सोडायला लागली, तरी रविवार चुकला नाही. मेहुण्यांना मित्र फारसे नाहीत. त्यांच्याशी दोन तास नीट बोलणारं माणूस म्हणजे ती पोरगी, आणि ते बोलणंही 'सहा इंच पुढे' आणि 'चार पडले' एवढंच.

मग तिचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. त्याला वडील नव्हते, काका कर्ते होते, आणि ते राहायचे सदाशिव पेठेत. फक्त दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून याद्या वगैरे करायची बैठक तेवढी राहिली होती. काकांनी त्यासाठी फोन केला, आणि नेमके त्याच दिवशी मेहुणे कातारी चकत्यांसाठी कधी फोन करतो याची वाट पाहत होते. मी समोर चहा पीत बसलो होतो. दोन्ही हातांना डिंक, म्हणून रिसीव्हर त्यांनी मान वाकडी करून खांद्यात धरलेला. बोलणं मला एकाच बाजूचं ऐकू आलं; दुसरी बाजू पुढे काकांनीच मला तोंडपाठ म्हणून दाखवली.

"बैठकीचं विचारायचं होतं," काका म्हणाले. "किती माणसं धरायची?"

"चाळीस," मेहुणे म्हणाले. "पण त्यातली बारा अजून बिनडोकी आहेत."

"काय म्हणालात?"

"डोकी यायची आहेत हो. त्यानं अडत नाही. बैठक एकदा झाली की डोकं मागाहून बसवता येतं."

काका म्हणाले, "आमच्याकडची काही मंडळी वयस्कर आहेत. त्यांना खाली बसणं जमायचं नाही."

"बसवायचंच नाही कुणाला," मेहुणे म्हणाले. "प्रत्येकाच्या पायाला भोक पाडायचं, तार घालायची आणि सरळ चिकटवून टाकायचं. मग जागचं हलत नाही कुणी."

"ठेवतो," काका म्हणाले.

"कातारी आज जरा घुश्शात होता," मेहुणे मला म्हणाले आणि पुन्हा पगडी वळायला लागले.

संध्याकाळी मुलाकडून निरोप आला की काका ह्या घरात संबंध करायला तयार नाहीत आणि त्यांच्या संमतीशिवाय मुलाची आई पुढे जाणार नाही. सगळा उलगडा व्हायला एक तास गेला. लेक रडली नाही. ती टेबलाच्या तिच्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "राहू दे बाबा. नाहीतरी आपली लढाई अर्धीच राहिलीये." मेहुण्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, ते उठून गॅलरीत गेले. त्या संध्याकाळबद्दल त्यांनी मला पुढे एकदाच सांगितलं: "तिनं तसं म्हटल्यावर तासभर मला फार बरं वाटलं हो. आणि बरं वाटलं याची मग फार लाज वाटली."

सकाळी साडेआठला ते माझ्या दारात हजर. हातात मिठाईचा खोका. "स्कूटर काढा, सदाशिव पेठेत जायचंय." वाटेत त्यांनी खोका दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला मला "हळू" म्हणत होते. काका शाळेतले निवृत्त चित्रकलाशिक्षक. त्यांनी दार उघडलं, आम्हाला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाले, "या. चाळीसच्या चाळीस आणलेत का?"

"बाराच," मेहुणे म्हणाले. "डोकी नसलेले. आणि एक घोडा."

खोका उघडून त्यांनी टीपॉयवर ती बारा धडं ओळीनं मांडली. आमच्या घरात बैठक कशाला म्हणतात, फोन कुणाचा यायचा होता, सगळं सांगितलं. एरवी चार शब्दांवर न जाणारा हा माणूस दहा मिनिटं बोलत होता, आणि शेवटी म्हणाला, "चूक माझी. मुलीचं बैठकीशी काही घेणं नाही. ती अतिशय गुणी आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्या हातात कुठलीही वस्तू मूळ कामालाच लागते." काकांनी उठून भिंग आणलं. एकेक धड उचलून पाहिलं. मग घोडा बराच वेळ पाहिला.

"ह्याचा मागचा पाय चुकलाय," ते म्हणाले.

"पाय बरोबर आहे. जमीन उताराची आहे. बैठक पाहा."

काकांनी घोडा डोळ्यांच्या रेषेत धरला आणि थोडा कलता केला. "हं," ते म्हणाले. भिंग मिटलं. "रविवारी येतो. आमची माणसं डोक्यासकट येतील."

लग्न झालं. वर्षभरात जावयाला कंपनीनं ऑस्ट्रेलियाला पाठवलं आणि लेकही निघाली. आपलं सैन्य बरोबर न्यायचं असं तिनं ठरवलं, तर कळलं की त्या देशात मातीचा कणही नेऊ देत नाहीत. मग मेहुण्यांनी आठ दिवस बसून तिच्या सगळ्या बैठकींवरची माती खरवडून काढली, लाकूड ओल्या फडक्यानं पुसलं आणि शिपाई कापसात गुंडाळून दिले. मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाले. दोन महिन्यांनी तिनं फोटो पाठवला. सगळे शिपाई उभे होते, आणि पायाखाली तिच्या तिकडच्या अंगणातली तांबडी माती. मेहुण्यांनी तो फोटो खूप वेळ हातात धरला. "बरोबर केलंय," एवढंच म्हणाले.

आता ते फोनवर खेळतात. रविवारी सकाळी नऊला, तिकडे तेव्हा दुपार असते. दोन्ही टेबलांवर सारख्या चौकटी आखल्यात, समोरच्याच्या शिपायांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे ठेवतात. कोण कुठं सरकलं ते सांगायचं आणि आपापला फासा टाकून आकडा सांगायचा. जावयानं मागे कॉम्प्युटरला लावायचा कॅमेरा पाठवला, म्हणजे एकमेकांची टेबलं दिसतील. मेहुणे म्हणाले, इथला चालत नाही. लेक म्हणाली, तिकडचाही चालत नाही. मला गंमत वाटली, की एका बाजूला ड्रॉइंगवाला आणि दुसऱ्या बाजूला दोन-दोन इंजिनीअर असून एक कॅमेरा चालू नये. मागच्या रविवारी मी सहज गेलो होतो. डाव रंगात होता. लेकीचा आवाज आला, "माझे दोन पडले बाबा, नाही लागला तुम्हाला." मेहुण्यांनी फासा टाकला. माझ्या डोळ्यांसमोर सहा पडले. ते शांतपणे म्हणाले, "मला एक. तुझाही वाचला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा प्यायलो. पुढच्या पाऊण तासात इकडे तीनदा सहा पडले आणि ऑस्ट्रेलियाला तिन्ही वेळा एक किंवा दोन कळले. तिकडूनही एक आणि दोन सोडून काही आलं नाही. दोन्हीकडे एक माणूस मेला नाही, एक जखमी झाला नाही, पुढच्या रविवारी इथूनच सुरू करू असं ठरलं आणि फोन ठेवला गेला.

"अहो, तिला इतक्या वेळा एकच कसा पडतो?" मी विचारलं. "इतके एक कुणाला पडत नाहीत."

"माहीत आहे," मेहुणे म्हणाले. त्यांनी एका शिपायाच्या खांद्यावरची धूळ फुंकली. "पण कुणी जिंकलं की डाव आवरावा लागतो."