कायमचा पत्ता, तात्पुरता पत्ता

अमरावतीच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. आठवीपुढे शाळेला माझा सहवास लाभला नाही. तरीही ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात काय लिहावे, हे विचारायला पदवीधर माझ्याच टेबलापाशी उभे राहतात. त्यामुळे इंटरनेटलाही पत्ते असतात असे कळले, तेव्हा तिथेही आता माझ्यावाचून अडणार, याविषयी मला शंका उरली नाही.

पहिल्यांदा अडले ते राजापेठेतल्या एका ताईंचे. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातली पाळी सोडून त्यांनी अकोल्याच्या एका कंपनीचे घरबसल्या काम धरले होते: फोनवर गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकण्याचे. कंपनीची अट होती की, घरच्या इंटरनेटचा पत्ता लेखी कळवावा. त्याच पत्त्यावरून कंपनीच्या यंत्रणेत आत घेतले जाईल, आणि सोमवारपर्यंत काम सुरू न झाल्यास जागा दुसऱ्या कोणाला दिली जाईल. कारखान्यातली जागा तर भरलीसुद्धा होती.

ताईंच्या घरी संगणक उघडला, तर एकाच यंत्राला तीन पत्ते. जुन्या पद्धतीत चार आकड्यांवर भागत असे. नव्या पद्धतीच्या विद्वानांना अंक, अक्षरे आणि विसर्ग यांची रेल्वेगाडी लागते. एका पत्त्यापुढे चक्क ‘टेम्पररी’ लिहिलेले. दुसऱ्यापुढे काहीच नाही, पण त्याची सुरुवात हुबेहूब टेम्पररीसारखी. म्हणजे तोही त्याच टोळीतला. तिसऱ्यापुढे ‘लिंक-लोकल’, आणि त्याची सुरुवात ‘एफ ई ८०’ अशी.

“भाऊ, याच्यातला कोणता लिहाचा?”

“ताई, टेम्पररी पत्त्यावर साधं रेशन कार्ड निघत नाही. लोकल लिहू, तोच कायमचा. स्थानिक रहिवाशाला सगळीकडे मान असतो.”

“पाहा बुवा. मले तं काईच समजून नाई राहिलं.”

‘महोदय, सविनय सादर’ अशा थाटात तो पत्ता मी अकोल्यास रवाना केला.

शनिवारी ताई टेबलासमोर उभ्या. “काहून वो भाऊ, कोणता पत्ता लिहून देल्ला? मले आतच घेऊन नाई राहिले!” त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून माझ्यापुढे धरला.

“ताई, तुम्ही धाडला तो एफ ई एटीवाला पत्ता घरातल्या घरातच चालते,” तो म्हणाला. “दाराबाहेर त्याले कोणी ओळखत नाई. असा पत्ता माह्याबी कम्प्युटरले आहे. बाहेर जाते तो टेम्पररीवाला.”

“टेम्पररीवर नोकरी?” मी विचारले.

“त्याचा मागचा अर्धा भाग बदलत राहते, काका. पुढचा अर्धा तुमच्या घराचा. तेवढाच पाठवा.”

म्हणजे ज्या सारख्या सुरुवातीवरून मी दोघांना टोळी ठरवले, ती टोळी नसून एका घरची माणसे होती. याच पद्धतीत अनेक यंत्रांना एकच पत्ता देऊन जवळ असेल त्याच्याकडे निरोप धाडण्याचीही सोय आहे, असे मला नंतर कळले. ती मात्र आमच्या कचेरीत पूर्वीपासून आहे: अर्ज कोणत्याही खिडकीत द्या, सगळ्या सारख्याच. आणि त्या खरोखर सारख्याच निघतात.

दुसरा अर्ज मी तिथेच लिहिला. सोमवारी ताईंना आत घेतले आणि संध्याकाळी त्या मुद्दाम नेमणुकीचा कागद दाखवायला आल्या.

“वाचा भाऊ. नोकरीबी टेम्पररीच आहे.”

“मग पत्ता अगदी शोभला,” मी म्हणालो.

“हो ना. तुमचा तो कायमचावाला असता, तं त्याच्यासारखीच मीबी बिनकामाची घरातच बसली असती.”